दहा टायरीचं इंजिन: काम करून घ्यावं का दुसरं टाकावं?

केजचा दहाटायरी

नमस्कार मंडळी. गाडी टाटा २५१८, दहा टायर, २०१२ चं मॉडेल. कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं ६बीटी इंजिन, मेकॅनिकल पंप. वडिलांनी नवी घेतलेली. मी त्याच गाडीवर क्लीनर म्हणून चढलो, मग स्टिअरिंगवर बसलो, वडील गेल्यावर मालकी माझ्याकडं आली. हप्ते कवाच फिटलेत, गाडी मोकळी आहे. एरवी जालन्याहून सळई भरून केज, अंबाजोगाई, लातूरकडं जातो. परतीला पेंड, साखर, सोयाबीन, जे भाडं लागेल ते. दिवाळीच्या पुढं ऊसतोडीची टोळी घेऊन उसाला.

आता दुखणं सांगतो. गाडी ऑइल खायलीय. पूर्वी एका सर्व्हिसपासून दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत वरून थेंब टाकावा लागत नव्हता, आता सीटखाली कॅन भरलेला ठेवल्याशिवाय निघता येत नाही. सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर, तो लवकर जात नाही. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनात कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून सारखा धूर, खालचा क्रॉसमेंबर तेलानं माखलेला. चालू इंजिनवर ऑइल टाकायचं झाकण उलटं ठेवलं तर उडून पडतं. बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढताना माल भरलेला असला की दम राहत नाही, खालचे गिअर टाकत टाकत वर जावं लागतं आणि टेंपरेचरचा काटा वर सरकतो. गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो, रेस दिली की उठतो. ॲव्हरेज लिटरला ४ किलोमीटरचं ३.४ वर आलं. पाणी मात्र कमी होत नाही, ऑइलही दुधाळ नाही.

आजवर या इंजिनाचं एकदा हेडचं काम झालंय, खालून कुणी उघडलेलं नाही. मीटर सात लाखांच्या पुढं आहे.

इथला मिस्त्री म्हणतो फुल इंजिन काम करा, लायनर-पिस्टन, रिंगा, बेरिंगा, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) पॉलिश, हेड, सगळं धरून सव्वादोन लाख. दुसरा एकजण जुन्या बाजारातून तयार इंजिन आणून देतो म्हणतो, एक लाख साठ हजार, बसवणावळ वेगळी. एजंट आलता, जशी उभी आहे तशी साडेपाच लाखाला मागायलाय. मेहुणे म्हणतात जुन्यात पैसा घालू नका, नवी काढा.

मुकादमाला शब्द दिलेला आहे, टोळीला उचल वाटलीय, कारखान्याशी वाहतुकीचा करार झालाय. पोळा तोंडावर आलाय. गाळप सुरू व्हायच्या आत गाडी धडधाकट पाहिजे. उसाच्या फडात गाडी बंद पडली तर माझ्या एकट्याचं नाही, अख्ख्या टोळीचं पोट बंद पडतं. म्हणून घाईनं काही करायचं नाही असं ठरवून इथं विचारायलोय. ज्यांनी स्वतः हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सांगावं.

जालना सळई लाइन

दादा, आमच्या एका गाडीला असंच झालं होतं, पण तिचा कॉनरॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला होता. तिथं प्रश्नच नव्हता, जुनं इंजिन टाकलं. ती गाडी अजून लाइनला आहे. तेव्हा जुनं इंजिन म्हणजे वाईटच, असं म्हणता येणार नाही. फक्त आम्ही ते ज्या गाडीतून काढलं ती गाडी डोळ्यांनी बघितली होती. मागून धडकलेली होती, इंजिन चांगलं होतं, ती चालू करून, गरम करून, प्रेशर बघून मग उतरवलं. फळीवर ठेवलेलं, वरून काळा रंग मारलेलं इंजिन मी घेणार नाही. तुमचा माणूस कुठून आणणार आहे, हे आधी विचारा.

परभणी इंजिन मिस्त्री

भाऊ, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून सविस्तर लिहितो. माझं सगळं आयुष्य इंजिनाच्या कामात गेलंय आणि हे इंजिन मला माझ्या हातासारखं ठाऊक आहे.

पहिली गोष्ट. ६बीटीला कंपनीतून लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये वेगळी बसवलेली नळी, येतच नाही. सिलिंडरचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ते भोक, थेट ब्लॉकमध्येच केलेला असतो, १०२ मिलिमीटरचा. त्यामुळं ‘लायनर-पिस्टन बदलतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला विचारा की नेमकं काय करणार. रीत अशी आहे की बोअर झिजला तर ब्लॉक बोरिंगला पाठवायचा, अर्धा मिलिमीटर मोठा करायचा आणि ०.५० ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे. तेवढ्यात साफ होत नसेल तर १ मिलिमीटर. त्याच्याही पुढं गेला असेल तर स्लीव्ह मारून पुन्हा स्टँडर्डला आणायचा. तुमचा ब्लॉक खालून कधी उघडलेला नाही म्हणजे बोअर अजून कंपनीच्या मापाचा आहे. ही तुमची फार मोठी जमा आहे. बाजारातून आणलेल्या इंजिनाचा बोअर आधी किती वेळा मोठा केलाय, क्रँक किती वेळा घासलाय, हे उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही, आणि विकणारा उघडू देत नाही.

दुसरी गोष्ट. इंजिन गेलं असं म्हणायच्या आधी बाकीचे दोन संशयित तपासा. ब्रीदरचा धूर फक्त रिंगांमुळंच येतो असं नाही. टर्बोचं, म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या पंख्याचं, सील गेलं तरी हवा ऑइलच्या परतीच्या पाइपातून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. ब्रेकच्या हवेचा कंप्रेसर झिजला तरी तो खाली हवा मारतो आणि वर ऑइल फेकतो. एअर टाकीचा ड्रेन खोलून खाली पांढरा कागद धरा. पाण्याबरोबर काळं तेल पडलं तर कंप्रेसर ऑइल खायला लागलाय. टाकी भरून कंप्रेसर कट-ऑफ झाल्यावर ब्रीदरचा जोर कमी होतो का तेही बघा. टर्बोसाठी परतीचा पाइप ब्लॉकपासून सोडून डब्यात घाला, ब्लॉकचं तोंड बंद करा आणि मिनिटभरच चालू करून ब्रीदर बघा. धूर निम्म्यावर आला तर टर्बो दोषी. मग आयडलिंगला एकेका नोझलचा नट सैल करत जा. ज्या सिलिंडरला सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नाही.

ऑइल प्रेशरसाठी डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. ब्लॉकला साधं मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बघा. या इंजिनाला आयडलिंगला कमीत कमी ०.७ किलो आणि पूर्ण आरपीएमला २.१ किलो पाहिजे. त्याच्या खाली असेल तर बेरिंगा झिजल्यात किंवा ऑइल पंप थकलाय. मग खालून उघडावंच लागतं, नुसत्या रिंगा टाकून भागत नाही.

तिसरी गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. हे इंजिन कशानं झिजलं? सात लाखांत रिंगा झिजणं नवल नाही. पण ॲव्हरेज, दम आणि प्रेशर एकदम बसले असतील तर धूळ आत गेलीय का ते बघाच. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठापेक्षा बारीक होते. फडातला रस्ता, सरकीचा ट्रक, रस्त्याचं चालू काम, सगळीकडून ती इंजिनात शिरायला टपलेली असते. एअर क्लीनर ते टर्बोच्या मधला रबरी होज काढा. आतून ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडकं मातकट निघालं तर क्लीनरच्या पुढं कुठंतरी हवा ओढतेय. बहुतेक वेळा होज क्लॅम्पच्या खाली चिरलेला असतो, बाहेरून दिसत नाही. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा धारदार पातळ झाल्यात का ते बोटानं बघा. हे शोधल्याशिवाय इंजिन काम करू नका. दोन लाख घालून नवीन पिस्टन टाकले आणि तोच होज लावला, तर हंगाम संपेपर्यंत धूर परत येईल.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझ्या मते तो क्रँक आणि ब्लॉकवर ठरतो, बाकी सगळं बदलण्यासारखं आहे. हेड आणि चेंबर उतरवा. बोअरमध्ये वरची रिंग जिथं वळते त्याच्या जरा वर नखानं खालून वर ओढा. नख अडकलं तर पायरी पडलीय, बोरिंग लागेल. होनिंगच्या, म्हणजे बोअर घासताना पाडलेल्या, तिरक्या रेघा दिसतात का, का सगळं चकचकीत झालंय? मेन आणि कॉनरॉडच्या बेरिंगा काढा. पांढरा थर जाऊन तांबडं दिसत असेल तर क्रँक मशीन शॉपला नेऊन मायक्रोमीटरनं मोजून घ्या आणि क्रॅक टेस्ट करा. क्रँकला ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटरपर्यंत अंडरसाइज बेरिंगा मिळतात. पहिल्या किंवा दुसऱ्या मापात साफ होत असेल आणि ब्लॉकला तडा नसेल, तर तुमचं स्वतःचं इंजिन सोडून दुसऱ्याचं घेण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. क्रँकला तडा असेल किंवा ब्लॉक फुटला असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा टाटाच्या डीलरकडं प्रोलाइफचं विचारा. त्यात जुनं इंजिन जमा करून कंपनीनं रिकंडिशन केलेलं घेता येतं. बाजारातल्यापेक्षा महाग पडेल, पण बिल आणि वॉरंटी मिळते.

एजंटाला इतक्यात हो म्हणू नका. हेड उतरवून बघितल्याशिवाय तुम्हालाच गाडीची किंमत ठाऊक नाही.

केजचा दहाटायरी

मिस्त्री मामा, तुम्ही एवढं लिहिलंत, मी ते छापून गॅरेजला नेलं. आमचा मिस्त्री समजूतदार माणूस आहे, त्यानं एकेक गोष्ट करून बघितली.

एअर टाकीतून काळं तेल पडलं. कट-ऑफ झाल्यावर ब्रीदरचा जोर थोडा कमी झाला, पण थोडाच. टर्बोचा पाइप सोडूनही फार फरक नाही. गेज लावलं तर गरम झाल्यावर आयडलिंगला ०.६ दाखवायलंय.

होज काढला. क्लीनरच्या बाजूचा क्लॅम्प सोडल्यावर त्याच्या खाली अर्ध्या गोलाईपर्यंत चीर होती. वरून रबर जसंच्या तसं. आतून फडकं फिरवलं तर काळसर तपकिरी माती, बोटांत चोळली तर किरकिर लागते. टर्बोच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या आहेत.

मग हेड आणि चेंबर उतरवलं. सहाही बोअरमध्ये नख अडकतं, मागच्या दोनमध्ये जास्त. रेघा कुठंच राहिल्या नाहीत. मेन बेरिंगांत दोन ठिकाणी तांबडं दिसायलंय, कॉनरॉडच्या बेरिंगा त्या मानानं बऱ्या. क्रँक अंबाजोगाईला नेऊन मोजला, मशीन शॉपवाला म्हणतो ०.२५ मध्ये साफ होईल, तडा नाही. ब्लॉक ०.५० मध्ये निघेल म्हणतो. हेडला दोन वॉल्व्ह गाइड सैल, बाकी ठीक.

जुन्या इंजिनवाल्याला विचारलं की कोणत्या गाडीतून काढलंय आणि नंबर काय. नंबर नंतर सांगतो म्हणाला, अजून सांगितला नाही. तो विषय मी माझ्यापुरता बंद केलाय.

आता कामाचा नवीन आकडा असा: पिस्टन-रिंगा, बेरिंगा, बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, गॅसकेट सेट, हेडचं काम, ऑइल पंप, कंप्रेसरचं किट, टर्बोची कार्ट्रिज, नोझल आणि पंप चेक, मजुरी, सगळं मिळून २ लाख ४० हजारांच्या घरात. जेन्युइन पार्ट धरून. पैसे आहेत, पण तेवढेच आहेत. मेहुणे अजूनही म्हणतात की १४ वर्षांच्या गाडीत एवढे घालण्यापेक्षा तेच डाउन पेमेंटला घाला. कुणी हिशेबाचा माणूस असेल तर बोलावं.

लातूर ट्रान्सपोर्ट

मी हिशेबाचाच माणूस आहे, आमच्याकडं जुन्या-नव्या दोन्ही गाड्या आहेत. मिस्त्रींनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

नवी काढायची तर आज परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे हे खरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तरी चेसिस, बॉडी, पासिंग, विमा धरून दहा टायरी चाळीस लाखांच्या घरात जाते. समजा ३० लाख कर्ज घेतलं, १० टक्के व्याज, ५ वर्षं. महिन्याचा हप्ता ६३ हजार ७०० च्या आसपास बसतो. सेकंडहँड बघितली आणि १२ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी काढलं तर ४१ हजार. हा हप्ता ऊस नसताना, पावसाळ्यात सळईची भाडी पडलेली असताना, गाडी बॉडीच्या कामाला उभी असतानाही द्यावाच लागतो. तुमची आत्ताची गाडी मोकळी आहे. मोकळ्या गाडीवाला पडलेल्या भाड्याला नाही म्हणू शकतो, हप्तेवाल्याला ते जमत नाही. हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

उलट, काहीच न करता तशीच चालवणं सगळ्यात महाग आहे. महिन्याला ६,००० किलोमीटर धरा. ४ च्या ॲव्हरेजला १,५०० लिटर डिझेल लागतं, ३.४ ला १,७६५. फरक २६५ लिटरचा. ९० रुपये भाव धरला तरी महिन्याला २३-२४ हजार नुसते जास्तीच्या डिझेलचे, वरून टाकायचं ऑइल वेगळं. काम करून ॲव्हरेज पूर्ण ४ वर आलं तर २ लाख ४० हजार दहाएक महिन्यांत डिझेलमधूनच वसूल होतात. अर्धंच आलं तरी दोन हंगाम धरा.

आता तुमच्या मेहुण्यांच्या म्हणण्यातला बरोबर भाग. गाडी पुढच्या वर्षी १५ वर्षांची होते. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावाच लागतो, तुम्ही करताच. १५ च्या पुढं फी चढते. २०२१ च्या अधिसूचनेनं जड वाहनाला ती १२,५०० केली होती, पुढं दर पुन्हा बदलले, म्हणून आजचा आकडा आरटीओच्या खिडकीवरूनच घ्या. काही कंपन्या आणि सिमेंटवाले जुन्या मॉडेलला माल देत नाहीत. तुम्हाला सळई आणि ऊस मिळतोय तोवर अडचण नाही, पण नवीन लाइन धरायची असेल तर हे आडवं येईल.

म्हणून मी इंजिनाच्या आधी चेसिस बघतो. क्रॉसमेंबरला, कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरला तडे आहेत का? गिअरबॉक्स, हाउसिंग, केबिन कसं आहे? हौद्याचं लाकूड-पत्रा किती दिवस निघेल? इंजिन नवं आणि चेसिस वेल्डिंगवर उभी, अशी गाडी ठेवू नये. चेसिस सरळ असेल तर निदान तीन-चार हंगाम काढायचे म्हणून काम करा, ते संपल्यावर स्क्रॅपचा विचार करा. अधिकृत केंद्रात गाडी स्क्रॅप केली की जे प्रमाणपत्र मिळतं त्यावर नव्या व्यापारी गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्रानं केलेली आहे. तेव्हा नवी घ्या, तोवर हप्त्याचे पैसे बाजूला टाका.

जुन्या इंजिनाचा विषय तुम्ही बंद केलात ते उत्तम. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओत नोंद करावी लागते, हप्ते चालू असतील तर फायनान्सवाल्याची लेखी संमतीही लागते. ज्या गाडीतून काढलं तिचे कागद आणि विकणाऱ्याचं बिल नसेल तर नोंद होणार नाही. नोंद नसेल तर अपघातात विमावाला पहिलं बोट त्याच्यावर ठेवतो. आणि नंबर घासलेला असेल तर चोरीच्या मालाचा प्रश्न उभा राहतो, त्यातून सुटायला वर्षं जातात.

स्वतःच्या ब्लॉकचं काम केलं की यातलं काहीच लागत नाही, नंबर तोच राहतो. फक्त सगळ्या पार्टांचं जीएसटी बिल घ्या. उद्या गाडी विकायची म्हटली तर ती बिलं दाखवून घेणाऱ्याशी बोलता येतं.

केजचा दहाटायरी

दादा, आकडे वहीत लिहून घेतले आणि रात्री घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवले. मेहुण्यांनी पण ऐकलं. ६३ हजारांच्या आकड्यावर ते गप्प झाले, मग स्वतःच म्हणाले चेसिस बघून घेऊ.

चेसिस पाण्यानं धुऊन, ब्रश मारून बघितली. मागच्या कमानीच्या एका हँगरला जुनं वेल्डिंग आहे, ते पक्कं आहे. बाकी कुठं तडा नाही. गिअरबॉक्सला आवाज नाही. हौद्याच्या दोन फळ्या बदलायच्यात, त्या गावातच होतील.

तर इंजिनाचं काम करायचं ठरलंय. ब्लॉक आणि क्रँक उद्या सकाळी मशीन शॉपला जातील. मामा, आता बांधताना आणि बांधल्यावर कशाची काळजी घ्यायची तेवढं सांगा. आणि फडात कधीपासून घालता येईल?

परभणी इंजिन मिस्त्री

चांगलं केलंत. क्रँक ०.२५ मध्ये आणि ब्लॉक ०.५० मध्ये निघतोय म्हणजे या इंजिनात अजून पुढच्या एका कामाची जागा शिल्लक राहते.

ब्लॉक उद्या नेऊ नका. आधी पिस्टन विकत घ्या, ते मशीन शॉपच्या माणसाच्या हातात द्या आणि प्रत्येक पिस्टन मोजून त्या त्या सिलिंडरचा बोअर त्याप्रमाणं करायला सांगा. बोरिंग आधी आणि पिस्टन नंतर असं उलट केलं की गॅप कुठं जास्त कुठं कमी होतो. होनिंगच्या तिरक्या रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, त्यांच्यावरच ऑइल धरून राहतं.

ब्लॉक परत आला की ऑइल गॅलरीचे सगळे प्लग काढून घ्या. बोरिंगचा आणि होनिंगचा कीस त्या भोकांत जाऊन बसतो. आत लांब ब्रश घाला, डिझेलनं, मग साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, हवेनं उडवा आणि लगेच ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. या इंजिनात पिस्टनला खालून ऑइलचा फवारा मारणारे छोटे नोझल मेन बेरिंगच्या जागी बसवलेले असतात. एकेक नोझलमधून बारीक तार घालून, हवा मारून, पलीकडं धार येते का बघा. एक जरी बुजला असेल तरी तो पिस्टन लोडवर धरतो, आणि मग सगळे म्हणतात पार्ट खराब होते. सहाही नोझल तुम्ही स्वतः उभं राहून बघा. मिस्त्री कितीही चांगला असला तरी मालक उभा असला की काम आणखी नीट होतं.

इंजिन खाली आहे तोवर कॅम आणि टॅपेट बघून घ्या. याचे टॅपेट खालून बसतात, नंतर बदलायचे म्हटलं तर पुन्हा सगळं उतरवावं लागतं. ऑइल कूलर धुऊन वापरू नका. बेरिंगचा चुरा त्याच्या जाळीत अडकलेला असतो, तो धुऊन पूर्ण निघत नाही. कूलर नवा टाका, त्याचे पैसे तुमच्या यादीत दिसले नाहीत. टर्बोची कार्ट्रिज बदलताय तर तिला ऑइल देणारा बारीक पाइपही बदला. आणि तो रबरी होज नवा, दोन्हीकडचे क्लॅम्प नवे, एअर क्लीनरच्या डब्याचं रबर सील नवं. या शेवटच्या ओळीला मी सगळ्यात जास्त वजन देतो, खर्च सगळ्यात कमी असला तरी.

पहिल्या स्टार्टच्या आधी टर्बोत ऑइल ओता, डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा, गेजवर प्रेशर उठलं की मगच चालू करा. चालू झाल्यावर तासन्‌तास आयडलिंगला उभी ठेवायची पद्धत आपल्याकडं आहे, ती करू नका. रिंगा बसायला लोड लागतो. आयडलिंगला बोअर चकचकीत होतात आणि ऑइल खाणं तिथूनच सुरू होतं. गळती बघितली, पाणी बघितलं, की रस्त्यावर काढा. आधी हलका माल, गिअर बदलत, सपाट रस्त्याला. जालना लाइनच चालवा, पण सुरुवातीला सळई पूर्ण भरून मांजरसुंबा चढवू नका. हजार-दीड हजार किलोमीटरला पहिलं ऑइल आणि फिल्टर काढा. फिल्टर कापून कागद उलगडून उन्हात बघा. बारीक राखाडी चुरा चालतो, तांबडी चमक चालत नाही. तांबडं दिसलं तर गाडी तिथंच उभी करा आणि मला लिहा.

गाळपाला अजून वेळ आहे. पोळ्याच्या पुढं आठवड्याभरात बांधून झालं तर दसऱ्यापर्यंत गाडी चालून इंजिन मोकळं होतं, मग उसाला बेधडक घाला. फडात असताना एअर क्लीनर रोज संध्याकाळी बघायचा, हवेनं मारायचा तर आतून बाहेर मारायचा, हे क्लीनरच्या पोराला आत्तापासून शिकवा.

पिस्टन आणले की त्यांची मापं आणि बोरिंग झाल्यावर सहा बोअरची मापं इथंच टाका. रिंग गॅप किती ठेवायचा ते त्यावरून सांगतो.